ऐंशीच्या दशकातील गॉथ रंगभूषा, कोल्हापूरच्या पावसाळ्यात

१९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात सुरू झालेल्या बॅटकेव्ह क्लबमधील तरुणाईने आणि गायिका सूझी सू हिने लोकप्रिय केलेला गॉथ, म्हणजे फिकट त्वचा आणि गडद काळ्या डोळ्यांचा गूढ चेहरा साकारायचा, तर सारा भर डोळ्यांवर द्यावा लागतो. फाउंडेशन आपल्या वर्णापेक्षा केवळ एक छटा उजळ असावे. पांढराफटक थर दिल्यास माणूस तमाशातला सोंगाड्या वाटू लागतो. त्यावर पावडर दाबून बसवावी, कारण रंकाळ्याकाठच्या दमट हवेत नुसते फाउंडेशन ओघळू लागते.

पापणीवर प्रथम महाद्वार रोडवर सहज मिळणारे साधे काजळ लावावे, ते मऊ असतानाच बोटाने भुवईच्या दिशेने पसरवावे आणि लगेच त्यावर काळी आयशॅडो थापावी. कोरडी भुकटी तेलकट काजळाला धरून ठेवते. मग आयलायनरची रेघ डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे टोकदार ओढावी. पहिल्या प्रयत्नात माझी एक रेघ भुवईला भिडली आणि दुसरी गालावर उतरली. तेव्हापासून मी चिकटपट्टीचा तुकडा तिरका लावून त्याच्या कडेनेच रेघ ओढते. ओठांना गडद जांभळा रंग द्यावा. रात्री हे सारे खोबरेल तेलाने पुसावे.