वर्गाचं हस्तलिखित काढताय? या चुका टाळा

२७ फेब्रुवारी जवळ आला की शाळाशाळांत हस्तलिखिताची, म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेल्या वर्गाच्या अंकाची, लगबग सुरू होते. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, पाहुणे येणार, प्रकाशन तर व्हायलाच हवं. मग कार्डशीट येतात, चमकीच्या ट्यूबा येतात आणि वर्गातल्या पाच मुली पुढचे आठ दिवस गणिताच्या तासाला दिसत नाहीत. उरलेली ३७ मुलं आपापल्या बाकांवर बसून असतात. प्रकाशनाच्या दिवशी मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘इयत्ता सातवीचे हस्तलिखित’.

मी सातवीला मराठी शिकवते. अशी पाच जणींची हस्तलिखितं मीही काढलीत, आणि त्यांचं कौतुकही करून घेतलंय. खाली जे काही लिहिलंय, ते बहुतेक माझ्याच हातून बिघडलेलं आहे.

अक्षर चांगलं, म्हणून तिलाच बसवलं

सगळ्या बिघाडाचं मूळ इथे आहे. लेख एकाने लिहायचा आणि सुंदर अक्षरवालीने तो उतरवून काढायचा. यात लिहिणाऱ्याला वाटतं आपलं काम संपलं, आणि उतरवणारी दुसऱ्याच्या मजकुराची नक्कल करून कंटाळते. ज्याने लिहिलं त्यानेच आपलं पान लिहायचं, एवढा एकच नियम मी आता पाळते.

‘पण ओळी वाकड्या जातात हो!’ जातात. त्यावर सोपा उपाय आहे. एका कागदावर काळ्या स्केचपेनने एक-एक सेंटिमीटरवर जाड रेघा मारायच्या आणि तो कोऱ्या पानाखाली ठेवायचा. नेहमीचा ७० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद असेल तर खालच्या रेघा स्पष्ट दिसतात. दोन्ही कागद यू पिनने अडकवले की सरकत नाहीत. असे दहा-बारा ‘रेघकागद’ एकदा करून ठेवले की वर्षानुवर्षं पुरतात. पेन्सिलच्या रेघा मारून नंतर खोडण्याचा उद्योगही वाचतो. निम्मी पानं त्या खोडरबरानेच खराब होतात. कार्डशीटमधून मात्र काही दिसत नाही. म्हणून आतल्या पानांना कार्डशीट वापरायचीच नाही, ती मुखपृष्ठापुरती ठेवायची.

जेल पेनचं एक सांगते. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे डावखुऱ्या मुलांचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या शाईवरून फिरतो. ‘तुझंच पान नेहमी कसं गं घाण होतं?’ असं मी एका मुलीला दोनदा विचारलं होतं. तिसऱ्या वेळी ती लिहिताना शेजारी उभी राहिले, तेव्हा कळलं. तिला साधं बॉलपेन दिलं, प्रश्न मिटला.

आणि खाडाखोड राहू दे. व्हाइटनरचे पांढरे थर दिलेल्या पानापेक्षा एक शब्द नीट आडवी रेघ मारून खोडलेला बरा दिसतो.

विषय आभाळाएवढा

‘पर्यावरण’, ‘माझा भारत’, ‘पाण्याचे महत्त्व’. असा विषय दिला की दुसऱ्या दिवशी ४२ लेख येतात आणि त्यातले तीस एकाच निबंधमालेतून आलेले असतात. मुलांचा दोष नाही. बारा वर्षांच्या मुलाला पर्यावरणाबद्दल स्वतःचं असं काय सांगायचं असणार? विषय इतका लहान हवा, की त्याचं उत्तर मोबाइलमध्ये सापडूच नये. ‘आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू’. ‘रात्री दिवे गेल्यावर आमच्याकडे काय होतं’. ‘गल्लीतले आवाज, सकाळी सहा ते सात’. या शेवटच्या विषयाला तर एका मुलाने नुसती यादी आणली होती: दूधवाल्याची किटली, नळाला पाणी यायच्या आधीची हवेची शिटी, कुणाचा तरी खोकला, एसटीचा हॉर्न. मी त्याला म्हटलं, याला हात लावू नकोस, हे असंच जाईल.

लाल पेन

ही माझी सगळ्यात मोठी चूक. ‘जुनी वस्तू’ या विषयावर एका मुलाने घरच्या पाट्या-वरवंट्याबद्दल लिहिलं होतं. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून खरखरीत करून, घ्यावी लागते. तसा एक माणूस त्यांच्या दारात आला होता. मुलाने लिहिलं होतं, ‘त्यो गप गप काम करत हुता. दगडाचं पीठ उडत हुतं. आज्जीनं पाटा धुतला आन् पयलं वाटण टाकून दिलं.’

मी ते ‘सुधारलं’. ‘तो शांतपणे कार्य करत होता. पाषाणाचे कण हवेत उडत होते.’ आज हे लिहितानाही लाज वाटते. पान लिहायला बसवलं तेव्हा त्याने कागद खालीवर करून पाहिला आणि विचारलं, ‘बाई, हे कुणाचंय?’

दगडाचं पीठ! किती अचूक पाहिलं होतं त्याने. टाकी लावल्यावर पहिलं वाटण टाकून देतात, कारण त्यात दगडाची कच येते. हे त्याने समजावून सांगितलं नव्हतं, फक्त दाखवलं होतं. आणि मी पाषाण आणून बसवला.

आता मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, गळलेला अनुस्वार यांवर पेन्सिलने खूण करते, मूल स्वतः दुरुस्त करतं. शब्दांना हात लावत नाही. अडलं तर समासात प्रश्न लिहिते: ‘पहिलं वाटण का टाकलं?’ उत्तर द्यायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. बोलीतलं लेखन छापील मराठीत आणायचा आग्रह वरून होतो, हे मला माहीत आहे. त्यावर माझी तोड अशी की संपादकीयात एक ओळ घालायची, ‘लेखांतील भाषा ज्याची त्याची आहे.’ पाहुण्यांना ती ओळ फार आवडते, असा अनुभव आहे.

साखळी गोष्ट का फसते

एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुढे न्यायची, असं करत वर्गाने मिळून एक गोष्ट लिहायची. कल्पना झकास, पण आधी हिशेब करा. ४२ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे १६८ मिनिटं. ३५ मिनिटांच्या जवळपास पाच तासिका. त्यातही एका वेळी एक मूल लिहितंय आणि ४१ जण गोंधळ घालतायत.

म्हणून कागद एक नको. सहा-सहाचे सात गट करायचे. गटातल्या प्रत्येकाने आपल्या कागदावर गोष्ट सुरू करायची आणि दर चार मिनिटांनी कागद उजवीकडे सरकवायचा. २४ मिनिटांत प्रत्येक गटाच्या सहा गोष्टी होतात आणि हात कुणाचाच रिकामा राहत नाही. उरलेल्या दहा मिनिटांत गटाने सहांपैकी एक निवडायची. हस्तलिखितात तीच घ्यायची.

दुसरी अडचण म्हणजे तिसऱ्या हातात नायक मरतो. मारामारी, भूत, ट्रक, काहीही येऊन त्याला संपवतं. मग पुढचा मुलगा त्याला ‘आणि तो स्वप्नातून जागा झाला’ म्हणून उठवतो. याला बंदी घालून उपयोग नाही, उलट जोर चढतो. सुरुवात करणाऱ्याने पहिल्या तीन वाक्यांत दोन गोष्टी लिहायच्या, हे ठरवून दिलं की बरंच आवरतं: या माणसाला काय हवंय, आणि ते का मिळत नाहीये. ‘सुमनला बैलगाडीत बसायचंय, पण बाबांनी बैल विकलेत.’ इथून पुढे भूत आणायला जागाच उरत नाही. आलंच तर निदान बैल घेऊन येतं.

मिळून काढलेलं मोठं चित्र

मधल्या पानासाठी किंवा भिंतीसाठी एक मोठं चित्र चौकोनांत कापतात, प्रत्येकाला एक चौकोन देतात आणि शेवटी जोडतात. जोडल्यावर नदी मध्येच तुटते, डोंगराचे उतार जुळत नाहीत आणि एक चौकोन हटकून उलटा लागतो. उलटा लागू नये म्हणून कापायच्या आधी प्रत्येक चौकोनाच्या मागे क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण काढून ठेवायचा. रेघा तुटू नयेत म्हणून शेजारच्या चौकोनाची मुलं बाकावरही शेजारीच बसवायची. कडेवर नदी कुठे येते ते दोघांनी आपसात टिंब देऊन ठरवायचं. सहकार्य म्हणतात ते एवढ्याशा टिंबातच असतं. रंगाचं तर विचारूच नका. प्रत्येकाने आपापला निळा कालवला की आभाळाला ठिगळं लागलेली दिसतात. मोठ्या भागाचे रंग एकाच वाडग्यात कालवून वाटावेत, आणि थोडे जास्तच कालवावेत. संपल्यावर तीच छटा पुन्हा येत नाही.

भिंतीवर काढायचं म्हटलं की वारली ठरलेली. त्रिकोण, गोल, रेघा, ‘सोप्पं असतं’ म्हणून. मला हे खटकतं. पालघर, ठाणे भागातल्या वारल्यांकडे लग्नात बायका भिंतीवर चौक (चौकोनी चित्र) लिहितात, त्यात पालघट देवी असते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढंच साहित्य. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकापासून ती कला कागदावर आणि जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपण तिच्यात सांताक्लॉज घुसवतो. मुलांना एवढं तरी सांगून मग ब्रश हातात द्या.

वारल्यांचा तारपा नाच (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) मात्र वर्गाने मिळून काढायला फार चांगला. एक मूल, एक नाचणारा. फसतं ते मापात: कुणाचा माणूस वीतभर, कुणाचा बोटभर. आधी दोरी आणि खडूने नाचणाऱ्यांची वळणारी रांग आखून घ्यावी (ती बंद वर्तुळासारखी नसते, शंखासारखी आत वळत जाते, मध्ये तारपा वाजवणारा). तिच्यावर सारख्या अंतराने खुणा कराव्यात आणि उंचीचं माप म्हणून पुठ्ठ्याची एकच पट्टी फिरवावी. त्रिकोण ज्याचा त्याचा येऊ दे. दहा फुटी भिंतीपाशी एका वेळी पाच-सहा मुलंच नीट उभी राहतात, तेव्हा पाळ्या लावा. आणि पावसाळ्यात भिंतीच्या वाटेला जाऊ नका. ओल धरलेल्या किंवा नुसता चुना मारलेल्या भिंतीवरचा रंग दिवाळीपर्यंत पापुद्र्यांनी सुटतो.

शिवताना लक्षात येतं

बांधणीचा विचार लोक शेवटी करतात, आणि मग डावीकडची अक्षरं दोऱ्यात जातात. कडेने शिवायचं असेल तर डावीकडे किमान दीड इंच समास सोडायला पहिल्याच दिवशी सांगा. तुमच्या रेघकागदावरच समासाची उभी रेघ मारून टाका, म्हणजे सांगायलाही नको.

मधोमध दुमडून शिवायचं असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. माझ्या वर्गाची ४२ पानं, शिवाय शीर्षकपान, अनुक्रमणिका, संपादकीय आणि तीन कोरी, अशी ४८. म्हणजे एथ्रीचे (नेहमीच्या झेरॉक्स कागदाच्या दुप्पट) १२ कागद दुमडून. आता पहिल्या पानाच्या शेजारी दुसरं येत नाही, अठ्ठेचाळिसावं येतं. एका कागदाच्या एका बाजूवरच्या दोन पानांची बेरीज नेहमी ४९ भरली पाहिजे. मुलांना हे तोंडी पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. १२ कोरे कागद दुमडून एकात एक घालायचे, पेन्सिलने क्रमांक टाकायचे आणि पुन्हा सुटे करून बघायचं. हा नमुना वर्गात टांगून ठेवा. या बांधणीत एका कागदावर चार जणांचा मजकूर येतो, त्यामुळे एकाचा कागद बिघडला की चौघांचं पुन्हा लिहिणं आलं. म्हणून मी मजकूर सुट्या कागदावर लिहून घेते आणि मग पानावर चिकटवते. त्यासाठी डिंक पातळ आणि फक्त कडांना लावायचा. सगळीकडे थापला की पान पापडासारखं वळतं.

हे सगळं आठ दिवसांत होत नाही, सहा आठवडे लागतात. म्हणजे फेब्रुवारीचं हस्तलिखित जानेवारीच्या मध्यावर सुरू व्हायला हवं. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की आम्ही विषय ठरवायला बसतो.

आणि मग ते कपाटात जातं

प्रकाशन झालं, फोटो निघाले, हस्तलिखित कार्यालयाच्या काचेच्या कपाटात गेलं. किल्ली शिपाईमामांकडे. ज्यांनी लिहिलं त्यांनी ते पुन्हा हातात घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वेळी ते घरी पाठवलं. एक मूल, एक रात्र, हजेरीच्या क्रमाने. मागची तीन कोरी पानं घरच्यांसाठी. वरिष्ठांनी नाराजी दाखवली, खराब होईल म्हणाले. झालंच खराब. हळदीचा डाग पडला, एका घरी लहान भावाने क्रेयॉन फिरवला, एक पान अर्ध्यावर फाटलं. पाट्याच्या पानाखाली कुणाच्या तरी आजीने बॉलपेनने लिहिलं होतं, ‘आमी दोन वाटणं टाकून देतो.’

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती काही दिवसांनी पिवळी पडते, सुटते आणि चिकट डाग मागे ठेवते. पतंगाच्या पातळ कागदाची पांढरी पट्टी घ्यायची, मैद्याच्या खळीने मागच्या बाजूने चिकटवायची आणि वर जाड पुस्तक ठेवून रात्रभर दाबून ठेवायचं. त्या रात्री ज्याची पाळी असेल त्याची दुसऱ्या दिवशी लावा.