लघवीला जळजळ होतेय? रूममेटकडची उरलेली गोळी घेऊ नका

लघवी करताना आग होतेय, सारखं जावंसं वाटतंय पण होते थेंबभरच, ओटीपोटात दुखतंय, तर उन्हाळी लागली असेल म्हणून नुसतं पाणी पीत परीक्षा संपायची वाट बघू नका. बऱ्याचदा हे युरीन इन्फेक्शन असतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला बॅक्टेरिया. मुलींना जास्त होतं कारण मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमीचा. यात लाजण्यासारखं खरंच काही नाही.

होस्टेलवर हमखास होणारी गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी ड्रॉवरमधल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या दोन गोळ्या. प्लीज नको! ती गोळी त्या बॅक्टेरियावर चालेलच असं नाही, वर नंतर कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायची टेस्ट) केलं तर जंतू वाढतच नाहीत आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो.

डॉक्टरांनी कल्चर सांगितलं तर सॅम्पल गोळी सुरू करायच्या आधी द्या. हात धुवा, जागा स्वच्छ करा, मुलींनी पुढून मागे. लॅबच्या निर्जंतुक डबीला आणि झाकणाला आतून बोट लागू देऊ नका. पहिली धार कमोडमध्ये सोडायची, कारण तिच्यासोबत बाहेरच्या त्वचेवरचे जंतू येतात, मग धार न थांबवता मधली डबीत घ्यायची आणि झाकण लगेच घट्ट लावायचं. 2 तासांत लॅबला पोचवा, जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर राहिली की जंतू वाढत जातात आणि रिपोर्ट चुकतो. रिपोर्टला साधारण 24 ते 48 तास लागतात, तोवर डॉक्टर बहुधा औषध सुरू करून देतात, गरज पडली तर मग बदलतात. बरं वाटलं तरी कोर्स मध्येच सोडू नका.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणं, उलट्या, असं काही असेल तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र असली तरी. मुलग्यांना झालं, डायबेटिस असेल किंवा प्रेग्नन्सी असेल, तरी घरगुती उपायांवर वेळ घालवायचा नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्या, लेक्चर संपेपर्यंत लघवी दाबून बसू नका, सेक्सनंतर लघवीला जाऊन या. तरीही 6 महिन्यांत 2 वेळा किंवा वर्षात 3 वेळा झालंच तर जुने कल्चर रिपोर्ट सोबत घेऊन जा, आधीच्या जंतूंवर कोणतं औषध चालत नव्हतं ते डॉक्टरांना त्यातून कळतं.