हर्बल गोळीने जळजळ खरंच थांबते का? स्वतःपुरतं तपासून बघण्याची रीत

छातीतली जळजळ आणि अपचन या तक्रारी आपोआप कमी-जास्त होत राहतात. काही दिवस सतत घशाशी आंबट येतं, मग काहीही न करता पुढचे काही दिवस बरे जातात. माणूस औषध शोधायला निघतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवशी. त्या दिवशी कुठलीही पुडी घेतली तरी पुढचा आठवडा आधीपेक्षा बरा जाण्याचीच शक्यता जास्त असते, आणि श्रेय पुडीला मिळतं. अपचनावरच्या औषधचाचण्यांमध्ये औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही साधारण एक तृतीयांश लोकांना आराम पडतो. म्हणून ‘घेतल्यावर बरं वाटलं का’ एवढंच विचारून भागत नाही. न घेता जेवढं बरं वाटलं असतं, त्याहून जास्त वाटलं का, हे बघायचं आहे. ते घरच्या घरी बऱ्यापैकी तपासता येतं, पण थोडी शिस्त लागते.

आधी हे बघा: प्रयोग करायची वेळ आहे का?

गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी झाल्याचा रिपोर्ट, सतत उलट्या, यांपैकी काहीही असेल तर गोळ्या पारखत बसू नका, डॉक्टरांकडे जा. वयाच्या साठीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू झालं असेल तरीही आधी तपासणी. छातीतलं दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं समजूनच तातडीची मदत मागवा. जळजळ आणि हृदयविकार यांत अनुभवी डॉक्टरांचीही गल्लत होते.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणारे यांनी हा लेख वाचावा, प्रयोग मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आणखी एक गोष्ट: अपचन जुनं असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी एकदा करून घ्या. जठरातल्या व्रणांमागे बऱ्याचदा हाच जंतू असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं आणि २००५ चं नोबेल मिळवलं. त्यावर प्रतिजैविकं लागतात. ते काम वनस्पतीच्या अर्कावर सोपवू नये.

तक्रार नेमकी कोणती, ते ठरवा

‘ॲसिडिटी झाली’ असं आपण सगळ्यालाच म्हणतो, पण त्यात किमान दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, छातीच्या हाडामागची जळजळ आणि घशाशी येणारं आंबट पाणी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडून जठरातलं आम्ल वर आलं की हे होतं. दुसरी, पोटाच्या वरच्या भागातलं जडपण, दुखणं, दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटणं. तपासणीत काहीच दोष सापडला नाही तर डॉक्टर याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात.

हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे, कारण एकीला चालणारी वनस्पती दुसरीला नडते. पुदिन्याचं तेल याचं ठळक उदाहरण. ते आतड्या-जठराचे स्नायू सैल करतं, म्हणून पोटातलं जडपण आणि कळ कमी होऊ शकते. पण तेच तेल अन्ननलिकेची झडपही सैल करतं आणि जळजळ वाढवतं. तेव्हा स्वतःची मुख्य तक्रार एका ओळीत लिहून काढा. दोन्ही असतील तर जी जास्त त्रास देते ती आधी.

एकच वनस्पती निवडा

दहा वनस्पतींचं मिश्रण घेतलं आणि बरं वाटलं, तर नेमकं कशामुळे ते कळत नाही. बिघडलं, तरी कळत नाही. शक्यतो एकाच घटकाची गोळी निवडा. नेहमी पुढे येणाऱ्या नावांबद्दल माझं मत असं:

जडपण आणि लवकर पोट भरणं यासाठी पुदिना तेल आणि शहाजिऱ्याचं तेल यांची जोडगोळी मी आधी बघेन. एकच घटक निवडा या नियमाला हा अपवाद, कारण चाचण्या या जोडीवरच झाल्या आहेत. ९० मिलिग्रॅम पुदिना तेल आणि ५० मिलिग्रॅम शहाजिरे तेल, दिवसातून दोनदा, चार आठवडे, असा तो डोस होता आणि तो खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला. कॅप्सूल जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारी हवी.

आलं किंवा सुंठ जठर लवकर रिकामं करते, हे १.२ ग्रॅमच्या मात्रेवर मोजून पाहिलेलं आहे. मात्र अपचनाच्या रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासात जठर लवकर रिकामं झालं आणि तक्रारी तशाच राहिल्या. काहींना आल्यानेच छातीत जळजळतं.

हळदीतल्या कर्क्युमिनची बरीच चर्चा झाली ती थायलंडमधल्या चाचणीमुळे. २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रोज २ ग्रॅम कर्क्युमिन आणि रोज २० मिलिग्रॅम ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) यांनी फंक्शनल डिस्पेप्सियात साधारण सारखाच आराम दिला, दोन्ही एकत्र देऊन जास्तीचा फायदा झाला नाही. बातम्यांमधून एक मुद्दा निसटला: या चाचणीत नुसती खोटी गोळी घेणारा एकही गट नव्हता. म्हणजे दोन्ही औषधं सारखीच उपयोगी की दोन्हींमागे नुसता विश्वास, हे त्यातून ठरत नाही. शिवाय शोषण वाढवण्यासाठी मिऱ्यातलं पायपेरिन घातलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. स्वयंपाकातली चिमूटभर हळद आणि या गोळ्या यांची तुलना होऊ शकत नाही.

ज्येष्ठमधाबाबत सावध राहा. त्यातलं ग्लायसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटवतं. रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिनची मर्यादा सुचवलेली आहे. ते काढून टाकलेला ज्येष्ठमधाचा प्रकार मिळतो, त्याच्या लेबलवर ‘डीजीएल’ लिहिलेलं असतं. घ्यायचंच असेल तर तेच.

शुद्ध जळजळीसाठी समुद्री शेवाळापासून बनणारं अल्जिनेट मला बाकी सगळ्यांपेक्षा पटतं, कारण त्याचं काम सरळ आहे. जेवणानंतर घेतलं की जठरातल्या अन्नावर त्याचा तराफा तरंगतो आणि आम्ल वर यायला अडतं. काटेकोर अर्थाने ती औषधी वनस्पती नाही, पण नैसर्गिक काहीतरी हवं असलेल्यांनी यापासून सुरुवात करावी.

कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जुलाब करतो, तो काढलेला नसेल तर हात लावू नका. ग्रेटर सेलंडाइन ही पिवळ्या फुलांची युरोपीय वनस्पती पोटाच्या काही मिश्रणांत असते. यकृताच्या इजेमुळे ती असलेल्या एका प्रसिद्ध थेंबांच्या औषधावर जर्मनीत २०१८ मध्ये जादा इशारा छापावा लागला. कॅमोमाइल ही चहासारखी उकळून घ्यायची फुलं सौम्य आहेत, पण शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावीत.

लेबल वाचा, मागची बाजू आधी

पुढच्या बाजूला पानं-फुलं असतात, खरी माहिती मागे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, एका गोळीत किती मिलिग्रॅम आणि अर्क असेल तर कशाच्या किती टक्क्यांवर प्रमाणित केलेला, एवढं तरी असावं. ‘खास मिश्रण ८०० मिलिग्रॅम’ असं एकत्र वजन देऊन प्रत्येक घटकाचं प्रमाण दडवलेलं असेल तर तो डबा तिथेच ठेवा.

खास शोधायची गोष्ट म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, किंवा कॅल्शियम कार्बोनेट. अनेक ‘हर्बल’ चूर्णांत ते असतं आणि दोन मिनिटांत मिळणारा आराम त्याचाच असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग चाचणी सोड्याची होते, वनस्पतीची नाही. शिवाय सोड्यातलं सोडियम रक्तदाबाच्या रुग्णांना महागात पडतं.

बहुतेक देशांत अशा उत्पादनांना विक्रीपूर्वी औषधाइतकी कसोटी द्यावी लागत नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार तर परिणामकारकता आधी सिद्ध करायची गरजच नाही. म्हणून यूएसपी किंवा एनएसएफसारख्या त्रयस्थ संस्थेचा शिक्का असलेलं उत्पादन मिळालं तर बघा. हा शिक्का डब्यात लिहिलं तेवढंच आहे आणि शिसं-पाऱ्यासारखी भेसळ मर्यादेत आहे, एवढंच सांगतो. गुण येईल असं तो सांगत नाही.

गोळी न घेता दोन आठवडे नोंद ठेवा

ही पायरी सगळेच गाळतात आणि सगळा प्रयोग इथेच फसतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन आकडे लिहा: मुख्य तक्रारीला ० ते १० पैकी गुण, रात्री जळजळीने जाग आली का, आणि त्या दिवशी साधं अँटासिड किती वेळा घ्यावं लागलं. तिसरा आकडा सर्वांत खरं बोलतो, कारण गुण देताना मन वाकवता येतं, रिकामं पाकीट वाकत नाही.

बाकी सगळं स्थिर ठेवा. जेवणाच्या वेळा, कॉफी, दारू, धूम्रपान, झोपेची वेळ यांत बदल करू नका. उशाकडची बाजू १५-२० सेंटिमीटर उचलणं, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, डाव्या कुशीवर झोपणं, हे उपाय जळजळीवर खरोखर उपयोगी पडतात. ते करायचेच आहेत, पण नोंद सुरू होण्याआधी. गोळीसोबत उशीही उंच केली तर यश कोणाचं ते कळणार नाही.

ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी सुरू असेल तर ती या प्रयोगासाठी अचानक बंद करू नका. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना कधी जळजळ नव्हती अशा १२० निरोगी माणसांपैकी काहींना अशी गोळी आठ आठवडे दिली. ती बंद केल्यावर त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास झाला, खोटी गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. दाबलेलं आम्ल उसळी मारतं. त्या उसळीत कोणतीही वनस्पती निकामीच वाटणार आणि उसळी ओसरली की तीच चमत्कारी. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टरांबरोबर, टप्प्याटप्प्याने, आणि हा प्रयोग त्यानंतर.

आता चालू, बंद, पुन्हा चालू

लेबलवरच्या सर्वांत कमी मात्रेने सुरुवात करा, रोज ठरलेल्या वेळेला, जेवणाशी ठरावीक अंतर राखून. चार आठवडे घ्या, दोन आठवडे पूर्ण थांबा, पुन्हा चार आठवडे घ्या. अल्जिनेटसारखं लगेच काम करणारं असेल तर एवढं थांबायला नको. नाणं उडवून एक आठवडा घ्यायचं की नाही ते ठरवा आणि असे सहा-आठ आठवडे काढा. एकाच रुग्णावर अशी अदलाबदल करून पाहण्याची पद्धत डॉक्टरही वापरतात.

घरातलं कुणी मदतीला असेल तर आणखी पक्कं करता येतं. बाजारात रिकाम्या अपारदर्शक कॅप्सूल मिळतात. सुंठ किंवा हळदीची पूड काहींत भरायची, काहींत तांदळाचं पीठ. डब्यांवर फक्त ‘अ’ आणि ‘ब’. कोणत्यात काय ते मदतनीसाने लिहून पाकिटात बंद करायचं आणि प्रयोग संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पुदिन्याच्या तेलावर ही युक्ती चालत नाही: आतड्यात विरघळणारी कॅप्सूल फोडायची नसते, आणि ढेकरेतला वास गुपित उघडं करतोच.

इतर औषधं घेत असाल तर अंतर ठेवा. इसबगोल, स्लिपरी एल्म या झाडाची साल असे बुळबुळीत पदार्थ औषधं शोषली जाण्यात अडथळा आणतात. दोन तास मागे-पुढे असावेत. इसबगोल तर भरपूर पाण्याशिवाय घेऊच नये, घशात फुगून अडकतं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर घेत असलेली सगळी सप्लिमेंट डॉक्टरांना सांगा आणि आलं-हळदीच्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवा.

लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, सूज, धडधड, पुरळ, यांतलं काहीही दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद. डॉक्टरांकडे जाताना डबा सोबत न्या.

निकाल कसा वाचायचा

प्रत्येक टप्प्याची सरासरी काढा. पहिल्या दोन आठवड्यांशी तुलना करताना गोळीच्या टप्प्याचा पहिला आठवडा वगळा. नव्या गोळीचा उत्साह त्यातच असतो. माझी कसोटी कडक आहे: गुण निदान एक तृतीयांशाने उतरले पाहिजेत, बंद केल्यावर परत चढले पाहिजेत आणि पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा उतरले पाहिजेत. अँटासिडचा आकडाही त्याच दिशेने हलला पाहिजे. पहिल्यांदा उतरून बंद केल्यावरही खालीच राहिले, तर त्रास आपोआप ओसरला असण्याचीच शक्यता जास्त. मग गोळी घेण्याचं कारणच उरत नाही आणि ही चांगलीच बातमी आहे.

‘थोडा फरक वाटतो बहुतेक’ असं म्हणायची वेळ आली तर ते ‘नाही’ समजा आणि डबा संपवायच्या भानगडीत पडू नका. दुसरी वनस्पती बघायची असेल तर आधी दोन आठवडे मोकळे जाऊ द्या. दोन-तीन प्रयत्नांनंतरही काही हाती लागलं नाही, तर ती वही घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा. कशाने काय झालं याची तारीखवार नोंद त्यांना क्वचितच कुणी देतं.

एखादी गोळी कसोटीला उतरली तर पुढचा डबा घेताना अर्काचं प्रमाण तेच आहे का बघा. त्याच नावाच्या दुसऱ्या उत्पादनात ते बदलू शकतं. मात्रा हळूहळू कमी करून किती कमीत भागतं ते शोधा, आणि दर काही महिन्यांनी दोन आठवडे बंद ठेवून तिची अजून गरज आहे का ते तपासा.