थेंब मिसळले की पाणी वाढायचं, चूक शेवटी सापडली

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी पायथन या संगणकाच्या भाषेत थंड काचेवर वाफेचे थेंब कसे जमतात त्याचं मॉडेल चालवत होतो आणि थेंब फारच पटापट फुगायचे. चार रात्री वाढीचा वेगच कमीजास्त करत बसलो, घोळ तिथे नव्हताच. मग वाफ बंद करून नुसते दोन टेकलेले थेंब ठेवले, तर मिसळल्यावर एकूण पाणीच वाढलं! नव्या थेंबाची त्रिज्या काढताना मी जुन्या त्रिज्यांचे वर्ग मिळवत होतो, मिळवायचे घन, कारण टिकतं ते आकारमान (स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड काचेशी करते तो कोन, सगळ्यांचा सारखाच धरलाय). दोन सारखे थेंब एक झाले की त्रिज्या १.२६ पट हवी, माझी १.४१ पट यायची. शिवाय नवा थेंब लगेच शेजाऱ्याला टेकू शकतो, म्हणून कोणीच टेकत नाही तोवर लूप फिरवायचा, म्हणजे तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायची, एकदा तपासून भागत नाही.