पावत्या मोडायला लोक आले की : नागरी बँकेत नव्याने लागलेल्यांसाठी

नागरी सहकारी बँकेत लागलेल्या मुलामुलींना आधी कर्जाची फाइल, तारण, वसुली, एनपीए (थकलेली कर्जं) शिकवतात. रोजच्या पैशाची तोंडमिळवणी कशी होते, हे मात्र कुणी सांगत नाही. मी सोलापुरातल्या एका बँकेत गुंतवणूक विभाग सांभाळतो. तोट्यातली बँक वर्षानुवर्षं रखडत चालते. एखाद्या दुपारी मागणाऱ्याला द्यायला पैसे नसले, तर नफ्यातलीही अडचणीत येते.

नव्या माणसाचा हमखास प्रश्न असतो : एवढे सरकारी रोखे आहेत, मग काळजी कसली? पण देण्यांच्या 18 टक्के रक्कम एसएलआर म्हणून, म्हणजे सक्तीची राखीव म्हणून, मुख्यतः अशा रोख्यांत ठेवावीच लागते. ते रोखे विकून ठेवी परत केल्या तर नियमभंग होतो. अडचणीत उपयोगी पडतात ते 18 टक्क्यांच्या वरचे रोखे. तेही लांब मुदतीचे असले आणि बाजारात व्याजदर चढलेले असले, तर तोटा खाऊन विकावे लागतात. म्हणून वरकड पैशातला बराचसा भाग मी 91 आणि 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलांत, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत ठेवतो. व्याज कमी सुटतं म्हणून संचालक कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

पुढे किती पैसे येतील आणि जातील हे मांडणाऱ्या पत्रकात 1 ते 14 आणि 15 ते 28 दिवसांचे रकाने असतात. ते भरायला संगणक पुरतो. वाचायला गाव माहीत असावं लागतं. इथे दिवाळीआधी कारखानदार बोनससाठी पैसे उचलतात, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, जूनमध्ये शाळांच्या फिया. उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) कायद्याने 14 दिवसांत द्यायची असते, पण कारखान्यांची बिलं लांबली की खात्यांत येणारी भरही लांबते. पत्रकात ती आलेली धरली असेल, तर तो रकाना खोटा.

त्याहून महत्त्वाची असते वरच्या वीस ठेवीदारांची यादी. ती मला पाठ आहे आणि तुम्हालाही असावी. त्यात पतसंस्था, ट्रस्ट, गृहनिर्माण संस्था असतात. अफवा उठली की पहिल्यांदा विडी कामगार बाई येत नाही. पतसंस्थेचा सचिव येतो, तोही आवाज न चढवता, मुदत ठेवींच्या पावत्या घेऊन. त्याचं बरोबरच असतं. ठेव विम्याचं संरक्षण 4 फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखावरून 5 लाखांवर गेलं; त्यात बाईची ठेव पूर्ण बसते, संस्थेची बसत नाही. शिवाय त्यालाही त्याच्या सभासदांना तोंड द्यायचं असतं.

सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यामागे 1,000 रुपयेच काढता येत होते. बँक मुंबईची, पण आमच्याही काउंटरवर लोक विचारू लागले. सप्टेंबर 2022 मध्ये तर इथल्याच लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द झाला. अशा दिवसांत शाखेने मनानेच ‘आज वीस हजारच मिळतील’ असं म्हणू नये. ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर होतं. मागेल त्याला द्यायचं, आणि विचारेल त्याला विम्याबद्दल नीट सांगायचं : 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे. ‘पावती मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या’ हा सल्ला चांगला, पण त्यानेही पैसे बाहेर जातातच. फायदा एवढाच की माणूस गरजेपुरतं उचलतो आणि ठेव आपल्याकडे राहते.

नोटांचा प्रश्न वेगळा. आमच्यासारख्यांची स्वतःची करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटा साठवायची तिजोरी) नसते, मोठ्या बँकेच्या चेस्टकडे मागणी करावी लागते. तिथल्या अधिकाऱ्याशी ओळख शांततेच्या दिवसांतच करून ठेवा. नोव्हेंबर 2016 मध्ये खात्यात शिल्लक होती आणि हातात नोटा नव्हत्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हे सांगावं लागत नाही.

उसनवारीचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या खिडकीतून, म्हणजे तिच्याकडून थोड्या दिवसांसाठी, पैसे उचलण्याची सोय फक्त पात्र शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतल्या) बँकांना आहे. बाकीच्यांनी दुसऱ्या बँकेतल्या आपल्या ठेवीवर ओव्हरड्राफ्ट आधीच मंजूर करून घ्यावा आणि अधूनमधून थोडी उचल करून तो खरंच चालतो का ते पाहावं. मंजुरीपत्र फाइलमध्ये असणं आणि पैसे हातात पडणं यात कधी सहीचा नमुना आडवा येतो, कधी मुदत संपलेला ठराव. मात्र सगळ्या ठेवी एकाच बँकेत नकोत : इतर बँकांत मिळून आपल्या ठेवींच्या 20 टक्क्यांपर्यंत आणि एका बँकेत 5 टक्क्यांपर्यंत, अशी मर्यादा आहे.

आता रांगही दारात लागतेच असं नाही. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालू आहे, यूपीआय तर आहेच. छोट्या बँका हे व्यवहार प्रायोजक बँकेमार्फत, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार पाठवणाऱ्या दुसऱ्या बँकेमार्फत करतात. तिथल्या सेटलमेंट खात्यातली, म्हणजे ज्यातून हे व्यवहार भागवले जातात त्या खात्यातली, शिल्लक संपली की ग्राहकाच्या मोबाइलवर व्यवहार फसल्याचा संदेश येतो आणि तो लगेच पुढे पाठवला जातो. दुसऱ्या शनिवारची आणि रविवारची सुट्टी जोडून येते, तेव्हा शुक्रवारी घरी जाण्याआधी त्या खात्यात तीन रात्री पुरेल एवढी रक्कम टाका.