फ्युएल फ्लोचा आकडा नाचतोय? आधी टाकीचं झाकण लावा

चवथ झाली, शेड उघडली, विमानाचं इंजिन सुरू केलं आणि फ्युएल फ्लोचा, म्हणजे तासाला किती लिटर पेट्रोल जातंय त्याचा, आकडा नाचायला लागला. १९, ११, २४, परत १३. इंजिनाचा आवाज मात्र एकसारखा. महिनाभर मी सेन्सरच्या मागे होतो आणि दोष निघाला तिसरीकडेच. म्हणून ही यादी. आमचं विमान घरी बांधलेलं, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. टाक्या पंखात, म्हणजे खाली, आणि पंप वर. डिचोलीजवळच्या शेडमध्ये अजून जमिनीवरच चालतं. (अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला परवाना मिळेपर्यंत २०१९ उजाडलं, तेव्हा आम्हाला घाई नाही.)

अग्निशामक, चाकांना ओंडके, शेपटीला दोर, शेडची दारं सताड उघडी. हे सांगायला लागत असेल तर इंजिनाला हातच लावू नका. पेट्रोल काढायला धातूचा डबा घ्या, प्लास्टिकचा नको, आणि डबा विमानाच्या सांगाड्याला तारेने जोडा. एक मापाचं भांडं, घड्याळ, वही. आणि टाकीचं झाकण. तेही यादीतच धरा.

पहिला प्रश्न एकच: पेट्रोल कमीजास्त येतंय की फक्त आकडा? हे ठरल्याशिवाय पाना उचलू नका. इंजिन बंद, गार. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून डब्यात घ्या, इलेक्ट्रिक पंप चालू करा, घड्याळ लावा. हे इंजिन टेकऑफला तासाला २७ लिटर पितं. पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेत त्याच्या सव्वापट तरी यायला हवं, म्हणजे मिनिटाला साधारण ५६० मिली. दहा मिनिटं काढा, पण दर मिनिटाचं माप वेगळं लिहा. एकूण बेरीज फसवते. पहिल्या मिनिटाला ७०० आणि आठव्याला ४०० असेल तर ते बेरजेत दिसणार नाही.

आणि हे सगळं टाकीचं झाकण लावून. मी इथेच माती खाल्ली. पेट्रोल ओतायला झाकण काढलं, बाजूच्या स्टुलावर ठेवलं आणि तसंच माप घेतलं. धार सुरेख, शेवटच्या मिनिटापर्यंत एकसारखी. मग काय, पेट्रोल ठीक, सेन्सर खराब. नवा सेन्सर आणला, वायरिंग उपसलं, आकडा नाचायचा थांबेना. दर वेळी इंजिन बंद करून डिपस्टिक घालायला मी झाकण उघडायचो, आणि त्याच क्षणी दोष आपसूक बरा व्हायचा.

मालीमच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं बघणारा एक मेस्त सहज शेडवर आला होता. मी झाकण फिरवलं तेव्हा फुस्स झालं. मला ते रोजचंच. तो म्हणाला, "बाब, हवा आत गेली ती. टाकीची नळी बघितलीस?" पंखाखालच्या व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या, नळीत पावसाळ्यात कुंभारीण माशीने घर केलं होतं. बोटाच्या पेराएवढा मातीचा गोळा, पोटात वाळलेले कोळी. टाकीतलं पेट्रोल कमी होतंय, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ बसते, पंपाच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ होते आणि सेन्सरमधलं चक्र त्या बुडबुड्यांवर भरकटतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठा असतो म्हणून इंजिनाला कळतसुद्धा नाही. सुरुवातीला.

तर परत: झाकण लावून माप घ्या. आणि टाकी जवळपास भरलेली ठेवून घ्या. वर हवा कमी असली की ओढ लवकर बसते. माझी पाऊण रिकामी होती, त्यामुळे दोष उगवायला वेळ लागायचा आणि मी त्याआधीच कंटाळायचो. व्हेंट तपासताना तोंडाने हळू फुंका, कॉम्प्रेसर लावू नका, टाकीचे सांधे फुटतील. मातीचा गोळा तारेने आत ढकलू नका, बाहेर ओढा. मग झाकण लावून माप पुन्हा. झाकण लावून.

तरीही धार तुटत असेल तर टाकी ते पंप हे सांधे बघा. इथे गळत नाही म्हणून खूश होऊ नका, ओढीच्या बाजूचा ढिला सांधा पेट्रोल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. चाचणीपुरता पारदर्शक नळीचा तुकडा घाला, बुडबुडे दिसतील. नंतर काढा. सांध्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे सेन्सरच्या चक्रात अडकतात.

धार सरळ आणि आकडा नाचतोय, तरच वायर. डब्यात धार चालू असताना कनेक्टर एकेक हलवा. अर्थिंग एकाच जागी, सिग्नलची वायर इग्निशनपासून लांब.

सेन्सरच्या तोंडाशी लगेच एल्बो (काटकोनी जोड) नको, सेन्सर बसवताना वायरी वरच्या बाजूला. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी सेन्सरनंतर फुटत असेल तर परत जाणारं पेट्रोलही मोजलं जातं, मग आकडा चुकणारच. इलेक्ट्रिक पंप चालू आणि बंद, दोन्ही आकडे लिहा.

पेट्रोल: रोटॅक्सला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालतं, आपल्या पेट्रोल पंपांवर आता २०. काचेच्या मापात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवा. खालचा थर २८ मिलीच्या आसपास आला तर इथेनॉल २० टक्के आहे असं समजा.

के फॅक्टर, म्हणजे एका लिटरला सेन्सर किती ठोके देतो तो यंत्रात भरायचा आकडा, सगळ्यात शेवटी, दोनतीन टाक्या झाल्यावर. जुना आकडा गुणिले यंत्राने दाखवलेलं, भागिले प्रत्यक्ष भरलेलं. मी तो चार वेळा बदलला आणि मूळ आकडा कुठेच लिहिला नव्हता. लिहून ठेवा.