एटनाच्या उतारावरची निवांत वाइन-सहल: या चुका टाळा

पुण्यातून इटलीला निघणाऱ्यांचा बेत साधारण ठरलेला असतो. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, आणि शेवटी दोन दिवस उरले तर सिसिली. पहिली चूक हीच, आणि पुढच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात. सिसिलीतला एटना हा युरोपातला सर्वांत उंच जागृत ज्वालामुखी, ३,३०० मीटरहून उंच. त्याच्या पायथ्याशी आयोनियन समुद्र आणि मधल्या उतारांवर द्राक्षबागा. दोन दिवसांत इथे विमानतळ, ताओर्मिना या पर्यटकांच्या आवडत्या गावातली गर्दी आणि धावतपळत घेतलेले चार घोट, एवढंच पदरात पडतं. एटनासाठी पाच-सहा रात्री काढा आणि त्या सगळ्या एकाच घरी काढा. रोम पुढच्या वेळी बघता येईल.

घर कुठे घ्यायचं? समुद्राच्या मोहाने बहुतेक जण ताओर्मिनात राहतात आणि रोज घाटासारख्या रस्त्याने वर-खाली करत बसतात. मी तरी लिंग्वाग्लोस्सा किंवा कास्तिल्योने दी सिचिल्या ही उत्तर उतारावरची गावं सुचवेन. लाल वाइनच्या उत्तम बागा या भागात आहेत आणि समुद्र गाडीने फार लांब नाही. पांढऱ्या वाइनची ओढ असेल तर पूर्वेचं मिलो बघा. ‘एत्ना बियांको सुपेरिओरे’ हे नाव फक्त मिलोच्या हद्दीतल्या वाइनलाच लावता येतं.

हंगामाचा गोंधळही नेहमीचा. नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी बघितलेली असते, त्यामुळे अंदाज चुकतो. एटनावर नेरेल्लो मस्कालेझे हे मुख्य लाल द्राक्ष ऑक्टोबरमध्ये, कधी अगदी महिनाअखेरीला तोडतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर तोडणी दिसू शकेल, पण त्या दिवसांत वायनरीच्या लोकांना पाहुण्यांसाठी सवड नसते आणि उतारावर रात्री चांगलीच थंडी पडते. शांतपणे बसून बोलायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. ऑगस्ट टाळाच. १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर असते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तिकीट काढून मग अपॉइंटमेंट शोधत बसू नका.

आता वायनऱ्यांबद्दल. दिवसाला तीन-चार उरकायच्या, हा हिशेब इथे चालत नाही. यातल्या बऱ्याच वायनऱ्या घरगुती आहेत. ईमेलवर आधी वेळ ठरवावी लागते, रविवारी अनेक ठिकाणी बंद असतं, आणि न कळवता दारात उभं राहिलं तर फाटक उघडेलच असं नाही. एक भेट दोन-अडीच तास सहज चालते. आधी बागेतून चक्कर, मग टेबल. दिवसाला एक वायनरी, फार तर दोन.

आणि बागेतली चक्कर टाळून थेट ग्लासकडे जाऊ नका, खरी गंमत तिथेच आहे. जुन्या बागांत वेली मांडवावर किंवा तारेवर नसतात. प्रत्येक वेल चेस्टनटच्या लाकडी खुंटीला बांधलेली, बुटक्या झाडासारखी सुटी उभी असते. पायाखाली काळी, भुसभुशीत वाळू, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये लाव्हाच्या दगडांचे कोकणातल्यासारखे गडगे. द्राक्षांची मुळं खाणारी फायलॉक्सेरा नावाची कीड एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली, पण अशा वाळूत तिला तग धरता येत नाही. त्यामुळे इथे शंभरी ओलांडलेल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे सांगली-नाशिकला डॉगरिज जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम करतात, तशी गरजच त्यांना पडली नाही. आपल्या बागायतदारांना हे बघून फार आनंद होईल.

बसाल्ट पुण्याच्या माणसाला नवा नाही, सिंहगड-राजगड त्याचेच. पण आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि एटनाच्या उत्तरेच्या रांदाझ्झो गावाजवळ १९८१ साली बागा गाडून गेलेला लाव्हा अजून काळाकुट्ट दिसतो. प्रत्येक प्रवाहाचं वय वेगळं म्हणून मातीही वेगळी. म्हणूनच इथे बागांचे ‘कोंत्रादा’ नावाचे शंभराहून अधिक तुकडे पाडलेत आणि लेबलवर त्यांची नावं येतात. एकाच घरची दोन कोंत्रादांची वाइन शेजारी-शेजारी ठेवून चाखायला मागा. तासाभरात जे कळेल ते चार वायनऱ्या पालथ्या घालून कळणार नाही.

ग्लासातला रंग बघून मत बनवणं ही आणखी एक चूक. गडद, जाड शिराझ वाइनची सवय असलेल्याला एत्ना रोस्सो ही इथली लाल वाइन पाणचट वाटते, कारण तिच्या आरपार बोटं दिसतात. घोट घेतला की मात्र आंबटपणा आणि हिरड्यांवर चढणारा तुरटपणा जाणवतो. ती जेवणाबरोबरची वाइन आहे, नुसती पिऊ नका. सुरुवात कार्रिकान्ते द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनने करा. तोंडात घोळवून भांड्यात टाकणं तिथे अजिबात असभ्य नाही, भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं.

गाडी चालवणाऱ्याने तर तेच करावं. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. शहरांच्या जुन्या भागात ‘झेड-टी-एल’ (बाहेरच्या गाड्यांना मज्जाव) अशी पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेऱ्याने टिपलेला दंड महिन्यांनंतर पुण्याच्या पत्त्यावर येतो. सगळ्यांनाच प्यायचं असेल तर दिवसभरासाठी चालकासह गाडी घ्या. एटनाभोवती फिरणारी चिर्कुमेत्नेआ ही छोटी रेल्वे छान आहे, पण रविवारी ती धावत नाही.

खाण्याचा मुद्दा शाकाहाऱ्यांसाठी जरा सविस्तर. “आय ॲम व्हेजिटेरियन” एवढं सांगून थांबू नका. मासा म्हणजे मांस नव्हे, असं मानणारे स्वयंपाकी भेटतात. “सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चूगे” असं स्पष्ट म्हणा: मांस नको, मासा नको, अँचोवी नको. एटनाच्या पायथ्याच्या कातानिया शहराचा स्वतःचा पदार्थ म्हणजे पास्ता आल्ला नोर्मा. तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीची बहीण बेझिल आणि वरून किसलेला खारवलेला रिकोत्ता. वांग्यावर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला दुसरं काय हवं? कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजीही निर्धास्त मागवा. अरांचिनो हा तळलेला भाताचा गोळा मात्र विचारूनच घ्या, नेहमीच्यात खिमा असतो. कान्नोली या मिठाईच्या कुरकुरीत नळीत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात, आणि बऱ्याच जुन्या चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं प्राण्यांच्या पोटातलं रेनेट असतं. काटेकोर पाळणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं. मांसाहाऱ्यांनीही मेन्यूवर ‘कावाल्लो’ वाचलं तर तो घोडा आहे हे ध्यानात ठेवावं.

सकाळी हॉटेलच्या बुफेत अडकू नका. बारमध्ये (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) बदामाचा किंवा तुतीचा ग्रानिता, म्हणजे बर्फाळ सरबत, आणि सोबत गरम ब्रियोश पाव, हा इथला नाश्ता. दुपारचं जेवण एक ते अडीचच्या दरम्यान आटपा. तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती साडेसातपर्यंत. चार वाजता भूक लागली तर ‘तावोला काल्दा’ (तयार गरम पदार्थ) लिहिलेलं दुकान शोधा. पिस्ते घ्यायचे असतील तर एटनाच्या पश्चिम उतारावरच्या ब्रोन्ते गावचे घ्या. तिथली तोडणी एक वर्षाआड, विषम वर्षीच होते, म्हणून भाव चढे असतात. स्वस्तात ‘ब्रोन्ते’ म्हणून कोणी देत असेल तर संशय घ्या.

ज्वालामुखीला गृहीत धरू नका. २ जून २०२५ च्या उद्रेकात वर गेलेल्या पर्यटकांना पळत खाली यावं लागलं होतं. दक्षिणेला केबल कारने २,५०० मीटरपर्यंत जाता येतं. त्यापुढे वाटाड्याशिवाय जाऊ नका, आणि उन्हाळ्यातही जॅकेट न्या. राख पडली की कातानियाचा विमानतळ काही तास बंद होतो, विमानं पालेर्मो किंवा कोमिझोला वळवतात. म्हणून कातानिया-रोम आणि रोम-मुंबई अशी वेगळी तिकिटं एकाच दिवशी काढू नका. मध्ये एक रात्र ठेवा, किंवा सगळा प्रवास एकाच तिकिटावर करा. अगदीच अडलात तर रेल्वे आहे. कातानियाहून रोमला जाणारी गाडी मेस्सीनाच्या सामुद्रधुनीत डब्यांसकट जहाजावर चढते. दिवस मोडतो, पण मुंबईचं विमान वाचतं.

शेवटचं, बाटल्या. भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि थोडी जागा शिल्लक. दोघे असाल तरी अशा चारच बसतात, पाच नाही, कारण प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरतात. त्यामुळे बिलं दोघांच्या नावावर करून घ्या. बाटल्या चेक-इन बॅगेत, मोज्यांत गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा, आणि पाचवी हवीच असेल तर वायनरीवाल्याला विचारून पाऊण लिटरऐवजी अर्ध्या लिटरची घ्या.